पॅसेंजर रेवणप्पा

लातुरात उमाबाईला उमाबाई म्हणून कुणी ओळखत नव्हतं. ट्यूशनच्या भागात, जिथं दर चौथ्या भिंतीवर पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे फोटो टांगलेले असतात, तिथं ती नुसती मेसवाली मावशी. हदगावचं पोर असो की देवणीचं, बापानं त्याची ट्रंक खोलीवर उतरवली की आधी क्लास विचारायचा आणि मग मावशीची मेस. त्याआधी गावात ती सिद्धूची आई होती, आणि त्याच्याही आधी रेवणप्पाची बायको. बायकांना नावं ठेवायला सगळं गाव तयार असतं, नावानं हाक मारायला मात्र कुणाची जीभ रेटत नाही. उमाबाईलाही त्याचं काही वाटत नव्हतं. भाकरीला कुठं नाव लागतं, असं ती म्हणायची.

गाव तेरणेच्या काठचं, औसा तालुक्यातलं. भूकंपाची म्हणून जी नावं लोक एका दमात घेतात, त्यात हे गाव येत नाही. गाव लहान, मेलेली माणसंही इतर गावांपेक्षा कमी. पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. गणपती बोळवून गडी उशिरा घरी आले होते आणि रेवणप्पा धाब्याच्या घरात अंग टाकून घोरत होता. चार वर्षांचा सिद्धू पहाटे लघवीला उठला, म्हणून उमाबाई त्याला घेऊन अंगणाच्या कडेला गेली. तेवढ्यावर दोघांचा जीव राहिला. जमीन गुरगुरली, आणि पोराची चड्डी वर ओढून ती मागं वळली तर घर नव्हतं, दगडामातीचा ढीग होता.

उजाडल्यावर गावात नुसत्या हाका होत्या. जो तो आपल्या ढिगावर चढून आपल्या माणसाला नावानं हाक मारायचा आणि कान लावून बसायचा. उमाबाई हातानं दगड उपसत होती आणि "अवं, ऐकलं का, अवं" एवढंच म्हणत होती. मग लष्कराचे जवान आले. त्यातला एक तिच्यापाशी आला आणि म्हणाला, "अंदर कौन है, बहनजी? नाम बताओ, आवाज़ लगाते हैं."

उमाबाईच्या जिभेवर नाव येईना. नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात घेतलं होतं ते उखाण्यात, तेही चार बायकांनी दार अडवल्यावर. "आमचे धनी हायत," ती म्हणाली. जवान बिचारा कुठला तरी उत्तरेकडचा. तो ढिगावर पालथा पडला आणि तोंडाशी हात धरून ओरडायला लागला, "धनीराम! ओ धनीराम!" कितीतरी वेळ तो धनीरामला हाका मारत होता. हे चुकतंय, हे उमाबाईला कळत होतं, आणि तरी तोंड उघडत नव्हतं. शेवटी दीर चंद्रप्पा धावत आला आणि बोंबलला, "रेवणप्पा! ए रेवणप्पा!" आतून काहीच आलं नाही.

पहिल्या हिसक्यातच गेला असणार, असं सगळे म्हणाले. उमाबाईला ते पटलंही. तरी पुढं कितीतरी वर्षं कणीक तिंबता तिंबता तिच्या मनात यायचं, की खालच्या माणसाला वाटलं असेल, हे लोक कुणा धनीरामला शोधतायत, आपल्याला नाही.

भूकंपानं पाडलं ते शिकवण्यांनी उभं केलं, असं लातुरात भाषणात म्हणायची पद्धत आहे. भाषणातलं सहसा खरं नसतं, पण उमाबाईच्या बाबतीत झालं तसंच. भूकंपानंतर सरकारनं दिलेल्या पत्र्याच्या शेडातून ती पोराला घेऊन लातूरला आली, आधी एका वसतिगृहात पोळ्या लाटल्या, मग स्वतःची मेस काढली. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं वाढत गेली तशी तिची पंगतही वाढत गेली. सिद्धू त्याच पंगतीत बसून शिकला, इंजिनिअर झाला, कॅनडात टोरांटोला गेला. नांदेडच्या एका मास्तरांच्या मुग्धाशी त्यानं लग्न केलं. जात वेगळी म्हणून दोन्हीकडून थोडी आदळआपट झाली आणि थांबली. मुग्धा पोर गुणाची. उमाबाईला तिनं पहिल्या दिवसापासून आई म्हटलं.

"आई, ये इकडं, बघून तर जा," सिद्धू दर फोनला म्हणायचा. त्यानं पासपोर्ट काढायला लावला, व्हिसाही दहा वर्षांचा मिळवला. पण उमाबाईचं निघणं काही होईना. आधी बारावीची परीक्षा होऊ दे, मग नीटची होऊ दे, मग नव्या पोरांचा जम बसू दे. लातुरात परीक्षा कधी संपतच नाहीत. पोरं उपाशी राहतील म्हणून ती स्वतःच्या पोराकडं गेली नाही, आणि या गोष्टीची तिला वर मान करून सांगण्याइतकी घमेंडही होती.

पासपोर्टात एक गंमत झाली होती. शेडात राहायला आल्यावर कुणा कारकुनानं तिला नुसतं 'उमाबाई रेवणप्पा' असं लिहून घेतलं. आडनाव त्याच्या घाईत गळालं. रेशन कार्डानं तेच उचललं, आधार कार्डानं रेशन कार्डाचं उचललं, आणि पासपोर्टाची वेळ आली तेव्हा आडनावाच्या जागी रेवणप्पा जाऊन बसला. सिद्धू फोनवर हसला होता. "आई, हिकडच्या हिशोबानं तू मिसेस रेवणप्पा. आडनावानंच बोलवतेत हितं." उमाबाई चौथी शिकलेली, तिला इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं. बाईच्या नावाला नवऱ्याचं नाव चिकटलेलं असतंच, त्यात नवीन ते काय, असं म्हणून तिनं ते पुस्तक लुगड्याच्या घडीत ठेवून दिलं.

ते बाहेर काढावं लागलं ते पुढच्याच थंडीत. कामावर जाताना सिद्धूची गाडी बर्फावरून घसरली आणि खांबावर आदळली. मुग्धाचा फोन आला तेव्हा उमाबाई सकाळची भाजी चिरत होती.

"आई, डोक्याला लागलंय," मुग्धा म्हणाली. ती रडत नव्हती, आणि त्याचीच उमाबाईला भीती वाटली. "डॉक्टर म्हणतात, मेंदूचं काम बंद झालंय. यंत्र लावलंय म्हणून श्वास चालू आहे. मी सांगितलंय त्यांना, आई येईपर्यंत काही काढायचं नाही. तुम्ही निघा."

"म्या येऊस्तोवर त्याला धरून ठेव, माय," उमाबाई म्हणाली.

पोर वाचणार नाही, हे तिला कळलं होतं. तिला कुणी फसवलं नव्हतं आणि तिनंही स्वतःला फसवलं नाही. पण रेवणप्पाचा हात ढिगातून वर आला तेव्हा तो गार होता. पोराचा हात कोमट असतानाच आपल्या हातात यावा, एवढं एकच मागणं घेऊन ती निघाली.

सोबत यायला घरात दुसऱ्या कुणाकडं पासपोर्ट नव्हता. चंद्रप्पानं गाडी करून तिला हैदराबादला नेलं. मेसमध्ये जेवून डॉक्टर झालेल्या एका पोरानं फोनवर सल्ला दिला, की मावशीला चाकाची खुर्ची सांगा, म्हणजे विमान बदलायच्या जागी माणूस येऊन थेट दुसऱ्या विमानापाशी नेऊन सोडतो.

"पाय धड असताना पांगळी होऊ व्हय?" उमाबाई म्हणाली.

"वैनी, हितं हट्ट नगं. तितं कुणाला इचारणार तुमी?" चंद्रप्पा म्हणाला, आणि ती खुर्चीत बसली.

पहिलं विमान सरळ गेलं. सकाळी ते आखातातल्या एका मोठ्या विमानतळावर उतरलं आणि तिथून पुढं टोरांटोचं विमान धरायचं होतं. गाडी बदलणं उमाबाईला काही नवं नव्हतं. बासरला सरस्वतीच्या दर्शनाला जाताना ती मुदखेडला उतरली होती. तिथं उतरायचं, हमालाला विचारायचं, पूल चढायचा, आणि चुकलंच तर स्टेशनमास्तरच्या दारात जाऊन बसायचं. इथं स्टेशनमास्तर कुठं दिसेना. जिकडं बघावं तिकडं अत्तराची आणि घड्याळांची दुकानं, डोळे दिपवणारा उजेड, आणि अख्ख्या जगातली माणसं एकमेकांना धक्के मारत, पेट्या ओढत पळत होती. माणसं एवढी, पण कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.

विमानाच्या दाराशी खुर्चीवाला उभा होता हे खरं. पण त्याच्याकडं एकटी उमाबाई नव्हती. तिच्या आणि आणखी सात-आठ म्हाताऱ्यांच्या खांद्यावर कागदी टिकल्या चिकटवून त्यानं सगळ्यांना एका रांगेत लावलं आणि दोन-दोन खुर्च्या ढकलत तपासणीपाशी आणलं. एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायचं, मध्ये रस्त्यावरसुद्धा पाय टाकायचा नाही, तरी पुन्हा तपासणी. चप्पल काढा, पिशवी उघडा, हात वर करा.

उमाबाईच्या गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग होतं. लिंगायताच्या घरात जन्मल्यापासून ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. तपासणीवाल्या पोरीनं डबीकडं बोट केलं आणि ट्रेकडं बोट केलं. उमाबाईनं मान हलवली.

"देव हाय ओ तो. न्हाई काढत आमी."

पोरीनं पुन्हा बोट केलं. तेवढ्यात दुसऱ्यानं पिशवीतून विभूतीची पांढरी वडी बाहेर काढली. सिद्धूच्या कपाळाला लावायला ती मठातून आणली होती. झालं, आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पांढरी पूड म्हटल्यावर चार माणसं गोळा झाली. कुणी वास घेतला, कुणी कसला तरी कागद घासून यंत्रात घातला. उमाबाईला एका खोलीत नेलं. तिथं तिनं डबी स्वतःच्या हातानं उघडली, लिंग तळहातावर धरलं आणि परक्या बाईसमोर हात पुढं केला. ते बघून त्या बाईनं मान खाली घातली आणि डबी परत गळ्यात घालायची खूण केली. वाईट माणसं नव्हती ती. पण त्यांना घाई नव्हती, आणि उमाबाईकडं दुसरं काहीच नव्हतं.

बाहेर आली तर तिचा खुर्चीवाला बाकीच्या म्हाताऱ्यांना घेऊन निघून गेलेला. त्याचं तरी काय चुकलं, त्याला सात जणांची विमानं गाठायची होती. बऱ्याच वेळानं वेगळ्या गणवेशातला दुसरा एक आला, त्यानं तिचा बोर्डिंग पास बघितला, तिला दुसऱ्या खुर्चीत बसवलं, लांबच लांब गल्ल्यांमधून ढकलत नेलं आणि एका दरवाजापाशी ओळीनं मांडलेल्या बाकड्यांजवळ आणून सोडलं. "सिट. वेट," असं म्हणून त्यानं हातानं बस-बस केलं. मग खुर्चीसुद्धा घेऊन गेला.

उमाबाई बसली. बस म्हटलं की बसायचं आणि उठ म्हटलं की उठायचं, एवढी शिस्त तिनं सरकारी शेडात शिकून घेतली होती. मुग्धाला फोन लावावा म्हणून तिनं मोबाईल काढला, तर त्याच्यावर इथं रेंजच येत नव्हती. शेजारच्या एका गोऱ्या पोरीनं बघून घेतलं आणि खुणेनं सांगितलं, की फुकटचं इंटरनेट आहे, पण त्यासाठी फोनवर आकडा येतो, आणि आपलं सिम इथं चालत नसल्यामुळं आकडा येत नाही. म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा. उमाबाईनं फोन पदराच्या गाठीत बांधला आणि दाराकडं डोळे लावून बसली. तिकडं यंत्रावर पोराची छाती वरखाली होत असेल, एवढं तिला दिसत होतं. दर श्वासाला ती मनात म्हणत होती, आणखी एक घे रे बाबा, आणखी एक.

काही वेळानं दारावरच्या पाटीवरची अक्षरं बदलली. बाकड्यांवरची माणसं एकमेकांकडं बघत उठली, पेट्या ओढत दुसरीकडं निघाली, आणि त्यांच्या जागी वेगळी माणसं येऊन बसली. उमाबाईला वाटलं, उठून गेली ती आधीच्या गाडीची असतील. तिला इथंच बसायला सांगितलं होतं.

आणि मग वरच्या कर्ण्यातून एक बाई बोलली. आधी अरबीत, मग इंग्रजीत. त्या अनोळखी बोलीच्या मध्येच लख्ख ऐकू आलं, "पॅसेंजर रेवणप्पा."

उमाबाई ताडकन उभी राहिली. ते नाव असं मोठ्यानं पुकारलेलं तिनं त्या सकाळनंतर ऐकलं नव्हतं. क्षणभर तिला खरंच वाटलं, की आता कुणीतरी ओ देईल.

मग तिनं स्वतःला आवरलं. नाव काय एकाच माणसाचं असतं का? निलंगा, उदगीर, भालकी, बिदरकडं घराघरात एक रेवणप्पा सापडेल. म्हणजे आपल्याकडचा कुणीतरी गडी याच विमानात आहे! त्या विचारानं तिला इतका धीर आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तो उठला की त्याच्या मागं जायचं. मराठी नसलं तर कानडीत बोलायचं. आपल्या नवऱ्याच्या नावाचा माणूस, तो काही आपल्याला वाऱ्यावर सोडायचा नाही. ती टाचा उंचावून माणसांमध्ये शोधायला लागली. धोतरटोपी कुणाची दिसेना, पण आता तिकडं जाणारी पोरं पँट घालतात, म्हणून ती एकेका सावळ्या माणसाच्या तोंडाकडं बघू लागली.

"पॅसेंजर रेवणप्पा," कर्णा पुन्हा म्हणाला.

कुणी उठेना. पुन्हा पुकारलं, तरी कुणी उठेना. उमाबाईला आता त्या माणसाचा राग यायला लागला. एवढी बाई गळा फाडून बोलावतेय आणि हा कुठं दुकानात अत्तरं हुंगत बसलाय. याच्यापायी विमान थांबेल, म्हणजे आपल्याला उशीर. "कोन हाय बाबा ह्यो रेवणप्पा," ती स्वतःशी पुटपुटली, आणि नाव तोंडातून गेलं म्हणून तिनं जीभ चावली. "मानूस हाय का धोंडा! लोकाच्या जिवाची काय किंमत?"

एक तरणा अधिकारी हातात यंत्र घेऊन धावत आला. बाकड्यांमधून फिरत तो एकेकाला विचारत होता, "रेवणप्पा? रेवणप्पा?" उमाबाईच्या खांद्यावरची टिकली बघून तो थबकला आणि वाकून म्हणाला, "रेवणप्पा?"

"न्हाई, न्हाई," उमाबाई घाईनं म्हणाली. "म्या उमाबाई. ते न्हाईत हितं. तिकडं बगा, गडीमानसांत बगा."

तिनं हातानं पुरुषांकडं दाखवलं. अधिकाऱ्यानं तिकडं बघितलं, यंत्रात काहीतरी टिपलं आणि तो पळत गेला. माणसाला विमानापाशी न्यायला पळतो तसा नाही, माणसाला मागं ठेवून विमान सुटू द्यायला पळतो तसा. हा फरक उमाबाईला कळला नाही. आपण त्याला मदत केली असंच तिला वाटलं. थोड्या वेळानं कर्ण्याची ती बाई गप्प झाली. सापडला वाटतं शेवटी, असं म्हणून उमाबाई खाली बसली.

बराच वेळ गेला. समोरचं दार उघडून नवी माणसं आत गेली, पण त्यांच्या अंगावर स्वेटरसुद्धा नव्हते. बर्फाच्या देशाला असं कोण जातं? ती दारातल्या बाईपाशी गेली आणि पास पुढं केला. बाईनं तो बघितला, डोळे मोठे केले आणि लांब कुठंतरी हात दाखवून भराभर बोलली. उमाबाईला एक अक्षर कळलं नाही, पण आपण चुकीच्या दारात बसलोय, हे तो हात बघून कळलं. "माय गं, आता काय करू म्या," ती मोठ्यानं म्हणाली.

फरशी पुसायचं यंत्र घेऊन चाललेला एक दाढीवाला माणूस ते ऐकून थांबला. पन्नाशीचा असेल. "मराठी हाव का मावशी तुम्ही?" त्यानं विचारलं. "मी नांदेडचा. देगलूर नाक्याचा. जलील. काहून उभ्या हितं?"

उमाबाईनं त्याचा हातच धरला. टोरांटो, पोरगा, यंत्र, सगळं एका दमात सांगितलं. जलीलनं पास घेतला आणि वाचला. मग पुन्हा वाचला.

"मावशी, ह्या विमानाचं दार तर कवाचं बदललं. लई पुकारलं न्हवं तुम्हाला? मीबी ऐकलं तिकडं."

"मला न्हाई पुकारलं. कुनी रेवणप्पा होता, त्याला पुकारू लागले होते. त्याच्यापायीच—"

पासवर बोट ठेवून जलील हळू आवाजात म्हणाला, "हे तुमचंच नाव हाय मावशी. हितं छापलंय. रेवणप्पा, उमाबाई. हे लोक पहिलं नाव घेत न्हाईत. आडनावानंच बोलवतेत."

सिद्धूनंही हेच सांगितलं होतं, हसत हसत. जलीलनं यंत्र भिंतीला लावलं आणि दोघं त्या गल्ल्यांमधून पळाली, सरकत्या पट्ट्यावरून, दुकानांमधून, झोपलेल्या माणसांच्या पायांवरून. चप्पल तुटली तेव्हा तिनं ती हातात घेतली. नव्या दारापाशी पोचली तेव्हा तिथं कुणीच नव्हतं. काचेतून मोकळी जागा दिसत होती आणि एक माणूस दोरी गुंडाळत होता.

विमान बदलून देणाऱ्या खिडकीपुढं रांग मारुतीच्या शेपटासारखी होती. जलीलनं हातापाया पडून तिला पुढं घातलं. खिडकीतल्या माणसानं पडद्यावर बघितलं आणि सांगितलं, की बाईंना पुष्कळदा पुकारलं, माणूसही पाठवला, बाईंनी स्वतःच नाही म्हटलं. आता पुढचं विमान उद्या, याच वेळेला.

"उद्या," जलील म्हणाला. त्यानं पुढचं भाषांतर केलं नाही. त्यानं आपला मोबाईल काढला आणि विचारलं, "सुनेचा नंबर हाय का?"

मुग्धानं पहिल्याच घंटीला उचलला. "आई? कुठं आहात? विमानात बसलात ना?"

"सुटलं," उमाबाई म्हणाली. "माझ्याच चुकीनं सुटलं, मुग्धा. उद्या हाय म्हनतेत. उद्यापोत्तर धरून ठेव गं त्याला. एवढं ऐक माझं."

पलीकडून यंत्राचा बारीक आवाज येत होता.

"आई," मुग्धा म्हणाली, आणि आता ती रडत होती, "मी धरून काय ठेवू? यंत्र कुणी काढलं नाही. त्याचं हृदयच थांबत चाललंय. डॉक्टर इथंच उभे आहेत, थोडाच वेळ म्हणतात. मी फोन त्याच्या कानाशी धरते. तुम्ही बोला. तुम्ही कुठं आहात ते सांगू नका, नुसतं बोला."

उमाबाईनं एक कान तळहातानं दाबून धरला. भोवती माणसं भांडत होती, लेकरं रडत होती, पेट्यांची चाकं खडखडत होती. ती खिडकीखाली भिंतीला टेकून जमिनीवर बसली, पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि फोन त्याच्या आत घेतला.

"सिद्धू," ती म्हणाली. आवाज तिचा रोजचाच निघाला. "आले बघ मी. दारातच हाय. किती लांब रं घर तुझं! लई थंडी हाय बाबा तुज्या गावात. चपला काढू लागले बघ. हितंच काढू का आत आनू? हितंच काढते. मुग्धा पानी घेऊन आली हाय. हातपाय धुते अन् बसते तुज्यापाशी. तू उठू नगंस. पडून ऱ्हा. मला दिसलास तू हितनं. दिसलास."

जलील पाठ फिरवून उभा होता आणि तिच्यावर कुणाचा पाय पडू नये म्हणून दोन्ही हात पसरून माणसांना बाजूनं जायला लावत होता.

"लई मळलेत पाय," उमाबाई बोलतच होती. "प्रवासाचा मळ असा आनू नये आत. टाच घासते जरा. आले, आलेच—"

"आई," पलीकडून मुग्धाचा आवाज आला. "आई, बास. झालं."

"जरा थांब की गं," उमाबाई म्हणाली, "पाय तर धुऊ दे."